पाय बुडवण्याचा परवाना

आईची मागणी घोट्यापर्यंतचीच होती. वयाच्या शहात्तराव्या वर्षी तिने मुलाला सांगितलं, की मला एकदा समुद्रात पाय बुडवायचे आहेत. पोहायचं नाही, होडीत बसायचं नाही, पाणी घोट्याला लागलं की मी मागे फिरेन. डॉक्टरांनी गुडघे तपासून "आता जाऊन या, पुढचं पुढे" असं म्हटल्यापासून तिने हे मनावर घेतलं होतं. दुसऱ्या एखाद्या घरात अशा वेळी बसची तिकिटं काढतात. या घरात बैठक बोलावण्यात आली, कारण मुलगा कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता.

कारखान्यात त्यांना सगळे शिट्टीसाहेब म्हणत. काळ्या दोरीला अडकवलेली एक स्टीलची शिट्टी त्यांच्या गळ्यात कायम असे आणि ती फक्त आंघोळीपुरती निघे, असं त्यांची बायको सांगते, आणि ती उगाच वाढवून सांगणाऱ्यांतली नाही. फाटकापाशी एक फळा होता. त्यावर 'अपघाताविना दिवस' असं रंगाने लिहिलेलं आणि पुढे खडूने आकडा. त्या आठवड्यात तो एक हजार चारशे बारावर पोचला होता. कुणाला साधं शिडीवर चढायचं असलं तरी आधी पिवळा परवाना भरावा लागे: काम काय, जागा कोणती, धोके कोणते, खबरदारी काय, मुदत किती, आणि खाली दोन सह्या. बल्ब बदलायला चार मिनिटं आणि परवान्याला चाळीस, अशी कामगारांची कुरकुर होती. साहेब म्हणत, बल्ब गेला तर दुसरा मिळतो. त्यांचं काही चूक होतं असं नाही. मात्र कुणाला खरचटलंच, तर अहवालातल्या 'घटनेचे कारण' या रकान्यात ते दर वेळी एकच वाक्य लिहीत, 'व्यक्तीचा निष्काळजीपणा', आणि लिहून लिहून हात दुखायला लागल्यावर त्यांनी त्याचा रबरी शिक्काच करून घेतला होता.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. शिट्टीसाहेबांना पोहता येत नव्हतं. पोहणं राहू द्या, पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायचं असलं तरी ते बायकोला हाक मारत. यावर घरात कुणी बोलत नसे.

बैठकीला आई, बायको आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी असे तीन सदस्य हजर होते. बायको दातांच्या दवाखान्यात नाव नोंदवून घेण्याच्या टेबलावर बसते, त्यामुळे घाबरलेल्या माणसांशी कसं बोलायचं हे तिला बरोबर कळतं.

"समुद्र हा उघडा धोका आहे," साहेबांनी सुरुवात केली.

"मग आपण जाईपर्यंत झाकून ठेवतील का?" आईने विचारलं.

मुलगी हसली, आणि ते हसणं इतिवृत्तात घेतलं गेलं नाही. तीन दिवसांनी अकरा पानी 'प्रवास सुरक्षा आराखडा' तयार झाला. पानं पाण्याने भिजू नयेत म्हणून लॅमिनेट केलेली होती. त्यात ऊन, अन्न, पाणी, लाटा, खडक, डास, चोर आणि जेलीफिश अशी आठ प्रकरणं होती. नियम पहिला: एकट्याने पाण्यात उतरू नये. आईने आपला चष्मा पुसला, अकराही पानं सावकाश वाचली आणि म्हणाली, "छान आहे. घोट्याचं कुठे आलंय?" घोट्याचं नव्हतं. साहेबांनी बारावं पान जोडलं.

आता शेजारी. माणूस समुद्रावर चाललाय हे कळलं की ज्याने समुद्र कॅलेंडरवर पाहिलाय तोही सल्ला देतो. वरच्या मजल्यावरच्या टायपिंग क्लासच्या बाईंनी सांगितलं, की कानात कापूस घाला, खारा वारा कानातून शिरतो आणि पाठीतून निघतो. खालच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांची तरुणपणी तीन महिने समुद्रकाठी बदली झाली होती, आणि त्या तीन महिन्यांवर त्यांनी पुढची चाळीस वर्षं काढली होती. "एकच सांगतो," असं म्हणून त्यांनी सतरा गोष्टी सांगितल्या. समुद्राकडे पाठ करू नका, ही त्यातली नववी. साहेबांनी सगळं टिपून घेतलं. मग घराच्या किल्ल्या विश्वासाने पोस्टमास्तरांच्या हवाली केल्या. त्याचाही पुढे त्रास झाला.

एवढ्यावर भागलं असतं. पण आराखड्याला अधिकृत आधार हवा असं साहेबांच्या मनाने घेतलं आणि ते नगरपालिकेच्या आरोग्य कार्यालयात जाऊन थडकले. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "परदेशी चाललाय?"

"नाही. समुद्रावर."

"मग इकडे कशाला?"

"समुद्रकाठच्या शहरात जाण्यापूर्वी आरोग्याच्या दृष्टीने काय खबरदारी घ्यावी, याचं लेखी मार्गदर्शन हवं होतं."

कारकुनाने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्याच्या वीस वर्षांच्या नोकरीत लेखी मार्गदर्शन मागायला आलेला हा पहिलाच माणूस असावा. "माझ्याकडे दोनच फॉर्म आहेत," तो म्हणाला. "एक परदेश प्रवासाचा आणि एक खाद्यपदार्थ विक्रीचा. दुसऱ्यात बसवू का तुम्हाला?" साहेब रिकाम्या हाताने परतणाऱ्यांतले नव्हते. दोन तास रांगेत उभं राहून, जीभ दाखवून, नखं दाखवून त्यांनी दाखला मिळवला, की सदर इसम अन्नपदार्थ हाताळण्यास योग्य आहे. जेलीफिशबद्दल विचारल्यावर कारकुनाने त्यांना मागच्या इमारतीत जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

"तुमचा आहे का?" जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"कोण?"

"जेलीफिश. पाळलेला असेल तर घेऊन या. नसेल तर दिसल्यावर हात लावू नका. मी कुत्र्यांबद्दलही लोकांना हेच सांगत आलोय."

हा सल्ला सगळ्यांत चांगला होता, पण त्यावर शिक्का नसल्यामुळे साहेबांनी तो आराखड्यात घेतला नाही.

चौदा तासांचा बसप्रवास करून चौघं सकाळी त्या शहरात उतरली. लॉज समुद्रापासून पाच मिनिटांवर होतं आणि खोलीच्या खिडकीतून दोन इमारतींच्या मधे समुद्राची एक निळी फट दिसत होती. आई सामान न ठेवताच खिडकीशी गेली. इकडे साहेब व्यवस्थापकाशी बोलत होते.

"संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग कुठला?"

"जिन्याने खाली आलात की बाहेर."

"तो नेहमीचा झाला. संकटकाळी?"

"संकटकाळी जरा लवकर," व्यवस्थापक म्हणाला.

जमण्याची जागा म्हणून साहेबांनी लॉजच्या पाटीखालची फरशी नक्की केली आणि दुपारी चार वाजता शिट्टी फुंकून सराव घेतला. घरच्या तिघी सवयीने दीड मिनिटात खाली आल्या. पण शिट्टी दमदार होती. तीन मजल्यांवरची सगळी गिऱ्हाइकं धावत सुटली, त्यात टॉवेल गुंडाळलेला एक औषधविक्रेता होता आणि नवीनच लग्न झालेलं एक जोडपं. जोडप्याने पुढे तीन दिवस साहेबांकडे पाहिलं नाही. म्हातारा पहारेकरी मात्र खूश झाला. एवढी वर्षं इथे उभा आहे, पण सगळ्यांना एकदम बाहेर आलेलं आज पाहिलं, असं तो आईला म्हणाला, आणि तिथून दोघांची गट्टी जमली.

"आता जायचं ना?" पाच वाजता आईने विचारलं. तिने पांढरी टोपी घातली होती, पायात रबरी चपला होत्या, पदर खोचलेला होता. पिवळा परवानाही तिने स्वच्छ अक्षरात भरून ठेवला होता.

"उन्हाचं मलम लावलं की निघू," साहेब म्हणाले, आणि त्यांनी प्रथमोपचाराची पेटी उघडली.

ही पेटी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कारखान्यातल्या पद्धतीप्रमाणे त्यांनी प्रत्येक ट्यूबवरचं आणि बाटलीवरचं छापील लेबल सोलून काढून त्यावर एक ते बावीस असे आकडे चिकटवले होते, म्हणजे गडबडीत नावं वाचत बसायला नको. कुठला आकडा म्हणजे काय, याची यादी वेगळी केली होती. ती हरवू नये म्हणून घरच्या कपाटाच्या दाराला आतून पक्की चिकटवलेली होती आणि अजूनही तिथेच होती.

पोस्टमास्तरांना फोन लागला. किल्ल्या शोधून, कपाट उघडून, चष्मा आणायला खाली जाऊन परत येईपर्यंत वीस मिनिटं गेली. "सात नंबर काय आहे?" साहेबांनी विचारलं. "सात... गच्चीचं कुलूप," पोस्टमास्तर ठामपणे म्हणाले. ते किल्ल्यांच्या यादीतून वाचत होते. किल्ल्यांची यादी डाव्या दारावर होती आणि औषधांची उजव्या. उजवं दार पोस्टमास्तरांच्या मते उघडत नव्हतं. शेवटी साहेबांनी वास घेऊन सात नंबर हेच उन्हाचं मलम असल्याचा निर्वाळा दिला आणि अधिकाऱ्याने आधी स्वतःवर प्रयोग करावा या तत्त्वाने ते कपाळाला, गालांना आणि नाकाला चोळलं. ते सांधेदुखीचं होतं. पुढचा पाऊण तास ते नळाखाली डोकं धरून होते. बाहेर आले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि चेहरा टोमॅटोसारखा झाला होता.

"आता मलम नको," आई म्हणाली. "ऊनच नाही."

"उजेड कमी झालाय, आई. नियम चार."

आईने टोपी काढून खुंटीला लावली. परवान्यावरची तारीख खोडून तिने पुढची तारीख घातली.

दुसरा दिवस अंड्यांमुळे गेला. आराखड्यातलं अन्नाचं प्रकरण साहेबांनी फार जिव्हाळ्याने लिहिलं होतं. बाहेरचं खायचं तर गरम आणि समोर शिजलेलंच, पाणी बाटलीबंद, बर्फ नको, सगळं अगदी बरोबर. घरच्या तिघींनी ते तंतोतंत पाळलं, लॉजसमोरच्या खानावळीत वाफाळता भात आणि भाजी खाल्ली, आणि त्या ठणठणीत राहिल्या. साहेबांचा मात्र परक्या स्वयंपाकघरावर विश्वास नव्हता. त्यांनी घरून स्वतः उकडलेली बारा अंडी डब्यात आणली होती. घरचं, म्हणजे सुरक्षित. तो डबा चौदा तास बसमध्ये आणि मग पूर्ण एक दिवस खिडकीतल्या उन्हात बसला होता.

"अहो, वास येतोय," बायको म्हणाली.

"समुद्राचा आहे," साहेब म्हणाले आणि तिसरं अंडं सोललं.

दुपारी बारापासून ते न्हाणीघरात होते. अन्नपदार्थ हाताळण्यास योग्य असल्याचा दाखला त्यांच्या शर्टाच्या खिशातच होता. बायकोने पाण्यात मीठ-साखर कालवून दर पंधरा मिनिटांनी दारातून पेला आत दिला; कुठल्याही आकड्याची बाटली उघडायला तिने साफ नकार दिला. सून नवऱ्यापाशी बसली, म्हणून नात आजीला घेऊन जायला निघाली, तर आतून क्षीण आवाज आला, "मी बरोबर असल्याशिवाय नाही... सही माझी लागते." आई दिवसभर खिडकीपाशी बसून ती निळी फट पाहत राहिली. मधूनच पहारेकऱ्याशी गप्पा मारायला खाली जाऊन आली. तारीख पुन्हा खोडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळं जुळून आलं. साहेब फिकट पण ताठ होते. परवान्यावर सही झाली. किनाऱ्यावर लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले होते. त्या दोहोंच्या मधेच पाण्यात उतरायचं, हे साहेबांनी तिघींना तीनदा सांगितलं. मधोमध उंच खुर्चीवर जीवरक्षक बसला होता, चाळिशीतला, उन्हाने रापलेला, चेहऱ्यावर जगाचा कंटाळा असलेला माणूस. त्याच्याही गळ्यात शिट्टी होती. साहेबांनी त्याला एका व्यावसायिकाने दुसऱ्याला करावा तसा नमस्कार केला. जीवरक्षकाने मान हलवली.

आईने चपला काढल्या. पाणी वीस पावलांवर होतं. पंधरा राहिली, दहा राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते पाहून नातीने मोबाइल वर धरला. आणि त्याच वेळी साहेबांना लाटेत काहीतरी दिसलं. पांढरट, पारदर्शक, फुगलेलं, मागे शेपट्या. प्रकरण आठ.

त्यांनी शिट्टी फुंकली. एक हजार चारशे बारा दिवस साठवलेला सगळा श्वास त्या शिट्टीत होता. जिथे पाण्यातून बाहेर पडण्याची खूण शिट्टी हीच असते, तिथे काय व्हायचं तेच झालं. दीडशे-दोनशे माणसं किंचाळत बाहेर धावली. आया मुलांना ओढू लागल्या, एका गृहस्थांचे दात पाण्यात राहिले. आईला गर्दीच्या लोंढ्याने उलट्या पावली थेट रस्त्यापर्यंत नेऊन सोडलं. जीवरक्षक खुर्चीवरून उडी मारून पाण्यात शिरला, ती वस्तू दोन बोटांत धरून बाहेर आला आणि साहेबांसमोर उभा राहिला. दुकानातली प्लास्टिकची पिशवी होती. बंद फाटलेले होते.

"शिट्टी कुणी वाजवली?"

साहेबांचा हात गळ्याशी गेला.

"काका, इथे शिट्टी एकच असते. माझी." त्याने हात पुढे केला. "जाताना घेऊन जा."

तीस वर्षांत पहिल्यांदाच भर दिवसा साहेबांच्या गळ्यातून शिट्टी निघाली. दोनशे माणसं बघत होती, त्यातला टॉवेलवाला औषधविक्रेता तर ओळखीचं हसलादेखील. लोक हळूहळू पुन्हा पाण्यात गेले. पण साहेबांना तिथे क्षणभरही थांबवेना. कान तापले होते, आणि या वेळी मलमाने नव्हे.

"आई, उद्या सकाळी. नक्की."

"उद्या अकराची बस आहे," आई म्हणाली.

"त्याच्या आधी."

तारीख खोडायला आता परवान्यावर जागा उरली नव्हती. आई तशीच खोलीत जाऊन पायांवरची कोरडी वाळू पुसत बसली.

"अहो," रात्रीच्या जेवणानंतर बायको म्हणाली, "आमच्या दवाखान्यात एक जण येतात. दात दुखतोय म्हणून दर महिन्याला नाव नोंदवतात, आणि खुर्ची दिसली की पुढची तारीख घेऊन परत जातात. त्यांना सगळे हसतात. मला नाही हसू येत. पण त्यांचा दात त्यांचा स्वतःचा असतो. तुम्ही आईंच्या तारखा पुढे ढकलताय."

साहेबांनी आराखडा उघडला आणि उगाच पानं चाळली. बायकोचं म्हणणं कुठल्याच प्रकरणात बसत नव्हतं. ते त्यांना लागलं, आणि बराच वेळ झोप आली नाही.

म्हणून चौथ्या दिवशी जाग उशिरा आली. सात वाजून गेले होते. आईची खाट रिकामी होती, घडी घातलेल्या चादरीवर एक नवा करकरीत पिवळा परवाना भरून ठेवलेला होता.

काम: पाय बुडवणे. जागा: समुद्र, झेंड्यांच्या मधे. खोली: घोटा. खबरदारी: टोपी, पाणी, चपला, सोबत. मुदत: दहा मिनिटं. धोके या रकान्यात साहेबांनी आजवर दहा-दहा ओळी लिहिलेल्या होत्या. तिथे आईने एकच शब्द लिहिला होता: उशीर. खाली 'घटनास्थळी हजर असलेली जबाबदार व्यक्ती' यापुढे लॉजच्या पहारेकऱ्याची वळणदार सही होती.

साहेबांचा हात शिट्टीकडे गेला आणि रिकामा परत आला. "आई नाहीये!" ते ओरडले. "पाटीखाली जमा!"

"पाटीखाली कशाला?" बायको उठत म्हणाली. "समुद्रावर असतील. दुसरीकडे कुठे जायच्यात त्या?"

पण साहेब ऐकायला तिथे नव्हते. ते अनवाणी पळाले, नियम सहा. टोपी नव्हती, नियम दोन. रस्ता डावीकडून वळसा घेऊन झेंड्यांकडे जात होता. ते उजवीकडून खडकांवरून गेले, आणि खडकांवर तर एक अख्खं प्रकरण होतं. शेवटच्या खडकावर टाच चिरली, ते त्यांना कळलंही नाही. कारण समोर पाण्यात, चांगलं लांब, काहीतरी पांढरं वरखाली होत होतं. टोपीएवढं. पांढरी टोपी.

"आई!" त्यांनी जन्मात कधी मारली नव्हती तशी हाक मारली, आणि जो माणूस टाकीचं झाकण उघडायला बायकोला बोलावतो तो पँट-शर्टासकट समुद्रात शिरला.

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. ती त्यांची स्वतःची शिट्टी होती. तिचा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. त्यांनी वळून पाहिलं. म्हणजे समुद्राकडे पाठ केली. पोस्टमास्तरांची नववी सूचना अशी वाया गेली. लाटेने त्यांना मागून उचललं, आपटलं, चष्मा घेऊन गेली आणि नाकातोंडात पाणी भरून पुन्हा आली. साहेबांनी डोळे मिटले, हातपाय झाडले, आणि खालून कुणीतरी पाय धरून ओढतंय असं त्यांना स्पष्ट जाणवलं. मग कुणीतरी कॉलर धरली.

"काका, उभे राहा."

"बुडतोय...!"

"काका, पाय टेका आणि उभे राहा. पाणी गुडघ्याएवढं आहे."

साहेब उभे राहिले. पाणी गुडघ्याएवढंच होतं. लांब तरंगणारी पांढरी वस्तू म्हणजे दोराला बांधलेलं खुणेचं पिंप होतं. आणि जीवरक्षकाच्या उंच खुर्चीशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीत, टोपी घालून, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन आई बसली होती. काळ्या दोरीची शिट्टी तिच्या गळ्यात होती. शेजारी पहारेकरी उभा होता. तिचे पाय कोरडे होते.

"तू पाण्यात नाही गेलीस?" धापा टाकत साहेबांनी विचारलं.

"एकट्याने उतरू नये," आई म्हणाली. "पहिलाच नियम आहे तुझा. याला पाण्याची सर्दी होते." पहारेकऱ्याने मान डोलावली. "म्हटलं, तू येशीलच. पण त्या बाजूने येशील असं नव्हतं वाटलं, म्हणून या जीवरक्षकांकडून तुझी शिट्टी मागून घेतली."

बायको आणि मुलगी येऊन पोचल्या. बायकोने टाच पाहिली, जीवरक्षकाच्या पेटीतलं, लेबल असलेलं औषध लावून पट्टी बांधली. जीवरक्षकाने खुर्चीखालून एक वही काढली. पाण्यातून कुणाला बाहेर काढलं की नोंद करावी लागे. कागद सगळीकडे असतो.

"वय?"

"सत्तावन्न."

"व्यवसाय?"

साहेबांनी समुद्राकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "सुरक्षा अधिकारी," ते पुटपुटले.

जीवरक्षकाने पेन थांबवलं. मग त्याने 'नोकरी' एवढंच लिहिलं. त्या माणसाच्या मोठेपणाबद्दल साहेब पुढे कायम बोलत राहिले.

"घटनेचं कारण?"

हा रकाना साहेबांना चांगलाच ठाऊक होता. त्याचं उत्तर कारखान्यात त्यांच्या टेबलाच्या खणात रबरात कोरून ठेवलेलं होतं. त्यांनी ते म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी आई बोलली.

"लिहा," ती म्हणाली. "आईने लहानपणी फार घाबरवलं होतं."

जीवरक्षकाने वर पाहिलं. आई मुलाकडे पाहत होती.

"घरामागे तळं होतं," ती म्हणाली. "तू पाच वर्षांचा. घरात मी एकटी, हातात शंभर कामं, तुझ्यावर लक्ष ठेवणार कोण? म्हणून मी तुला सांगितलं, की तळ्यात एक म्हातारी बसलीये, पाण्यात पाय घातला की ओढते. तू परत फिरकला नाहीस तिकडे. मला वाटलं, मोठा झाला की विसरेल." तिने टोपी सारखी केली. "तू तर नोकरीच तसली धरलीस. माझे पाय बुडवायला मला तुझी काय गरज होती रे? नात नेत होती की. मला तुला पाण्यात उभं करायचं होतं."

साहेबांच्या नाकातून समुद्राचं पाणी अजून गळत होतं, त्यामुळे बाकीचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

जीवरक्षकाने लिहिलं, वही मिटली आणि विचारलं, "आजी, जाताय का मग? पाणी आत्ता शांत आहे."

आईने हात पुढे केला. साहेबांनी तो धरला. पट्टी बांधलेल्या पायावर मुलीने प्लास्टिकची पिशवी चढवली, बहुधा कालचीच, आणि मायलेक झेंड्यांच्या बरोबर मधून पाण्याकडे निघाले. पहिली लाट आली ती बोटांना लागली. आई 'अगं बाई' म्हणाली आणि लहान मुलीसारखी हसली. दुसरी घोट्यापर्यंत आली. साहेबांनी तिचा हात एवढा आवळला, की तिच्या बांगड्या रुतल्या.

"बघ," ती म्हणाली. "कुणी धरला का पाय?"

"पाय नाही," साहेब म्हणाले. आणि हात म्हातारीने काही सोडला नाही.

पाणी येत राहिलं, जात राहिलं, पायांखालची वाळू घेऊन जात राहिलं. मागे वाळूत उभ्या असलेल्या मुलीने घड्याळ पाहून आजीला खुणावलं, की दहा मिनिटं कधीच होऊन गेली. परवान्याची मुदत संपली की काम थांबवायचं, जागा मोकळी करायची आणि नव्याने सह्या घ्यायच्या, हा नियम साहेबांनीच केलेला होता आणि त्यांनी आजवर कुणालाही त्यातून सूट दिली नव्हती. त्यांनी मुलीची खूण पाहिली. मग ते समुद्राकडे तोंड करून तसेच उभे राहिले, आणि आईने आणखी एक पाऊल पुढे टाकलं तेव्हा तिच्याबरोबर तेही गेले.